तातूंचं बारावं मृत्युपत्र

चतुर्थी आली की देवबागच्या तातू खोबरेकरांना दोन गोष्टी आठवायच्या, गणपतीचा रंग आणि मृत्युपत्र. मुंबईचे दोघे मुलगे पिशव्या घेऊन दारात उतरले की म्हातारा पेटीतून कागद काढून बदलायला बसायचा. ज्याने चांगली छत्री आणली त्याला माड मिळाले, ज्याची बायको उलट बोलली त्याचा फणस गेला. एका वर्षी दोघेही गाडी चुकवून उशिरा आले, तर अख्खी विहीर मांजराच्या नावावर गेली. आता बोला!

सुभद्राला मात्र याचं हसू येत नसे. ती थोरल्या मुलाची विधवा. चौदा वर्षं म्हाताऱ्याची पेज, काढा, गुरंढोरं तिनेच बघितली आणि अकरा कागदांत तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. यंदा, म्हणजे अठ्ठावन्न साली, रविकांत आणि शांताराम हे दोघे मुलगे वकिलाकडून टाइप केलेला कागदच घेऊन आले. घर विकायचं, पैसे दोघांचे, सुभद्राने तोंडवलीला माहेरी जावं. माहेरचं छप्पर गळकं आणि भावजय फटकळ. तरी मोदक तर वळायलाच हवे होते.

आरती झाली की सही देवासमोरच व्हावी, असा रविकांतचा हट्ट. म्हणजे पुढल्या वर्षी कागद फिरवायला नको. तातू म्हणाले, बरं, पण आधी गाऱ्हाणं.

तातू हातात नारळ घेऊन देवाकडे मागणं मागू लागले आणि जमलेली वाडी डोळे मिटून, हात जोडून प्रत्येक मागण्याला होकार देऊ लागली. गावाची राखण मागितली, व्हय म्हाराजा. गुरांना चारा मागितला, व्हय म्हाराजा. धाकट्या सुनेचा दमा घालवला, व्हय म्हाराजा. लय लागली. त्यात रविकांतचा आवाज सगळ्यांहून मोठा.

"आणि ह्यां घर माझ्या मागे सुभद्राच्या नावार ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शांतारामने एक डोळा उघडला. रविकांतचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग भानावर येऊन तो म्हणाला की हे कायद्यात बसत नाही.

"देवाफुडे व्हय म्हणालंस ना?" तातूंनी शांतपणे विचारलं. "मगे हो नारळ हातात घी आणि आता नाय म्हण."

नारळ दोघांसमोर फिरला. कोणाची हिंमत! अखेर त्याच टाइप केलेल्या कागदाच्या पाठीवर तातूंनी नवा मजकूर लिहिला, खाली सही ठोकली आणि शेजारच्या दोघांनी साक्ष घातली. सुभद्राला हुंदकाच फुटला.

पण गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. तातूंनी पुन्हा डोळे मिटले.

"आणि ह्या म्हाताऱ्याक शंभर वर्सां आयुष्य दी, आणि सुभद्राच्या हातची ऊन ऊन पेज तेका रोज गावांदे, रे म्हाराजा!"

सगळी वाडी सुभद्राकडे बघत राहिली. तातू अडुसष्टाचे. तिने मनात मोजलं, अजून बत्तीस वर्षं.

"व्हय म्हाराजा," ती एकटीच म्हणाली, आणि डोळे पुसून पानं मांडायला आपल्या घरात गेली.