गुलाबी पिशव्यांची मोहीम

तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्र-आरेखन शिकवलेल्या खंडेरावांना आराखड्याशिवाय कोणतेही काम हाती घेता येत नसे. गोदावरीत निर्माल्य पडू नये म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मोहीम उभारली, तीही त्याच शिस्तीने. घाटांचा नकाशा काढला, सात पिंपांच्या जागा ठरवल्या आणि मखमलाबादला झेंडू पिकवणाऱ्या नवसाबाईंच्या मळ्यात खताचा खड्डा खणून घेतला.

"देवाची फुलं हायती, भाऊ," नवसाबाई म्हणाल्या होत्या. "त्यांच्यावर कुणाचा पाय पडणार नाय, ही माझी जिम्मेदारी."

अडले होते एकाच ठिकाणी. शहरातल्या एका तरी व्यापाऱ्याने पाठिंबा दिला, तरच घाटावर पिंपांना कायमची जागा मिळेल, असे पालिकेने कळवले होते. आणि १९९८ची अनंत चतुर्दशी ही त्यासाठी शेवटची मुदत होती. खंडेरावांनी दुकानांचे उंबरठे झिजवले. कुणी चहा पाजला, कुणी दिवाळीनंतर बोलावले. एका भांडेवाल्याने तर तोंडावरच विचारले, "सर, नदी स्वच्छ झाली तर माझी पातेली जास्त खपतील का?"

अखेर द्वारका चौकाजवळचे साडीवाले दीपकशेठ तयार झाले. खंडेरावांनी त्यांना कापडी पिशवीचे चित्र मापांसह काढून दिले. निर्माल्य तिच्यातून आणायचे, पिंपात रिकामे करायचे आणि पिशवी घरी परत न्यायची, अशी योजना होती. विसर्जनाला तीन दिवस उरले असताना गठ्ठे आले. पिशव्या प्लास्टिकच्या होत्या, पातळ आणि गुलाबी. एका बाजूला दुकानाचे नाव, दुसऱ्या बाजूला 'गोदामाई स्वच्छ ठेवा'.

"शेठ, आपलं कापडाचं ठरलं होतं."

"सर, कापड आम्ही विकतो, वाटत नाही," शेठ हसले. "अक्षर बघा की, कसं ठसठशीत उठलंय! नको असतील तर राहू द्या, दुकानात वापरून टाकतो."

चुकीच्या मापाचा एकही कागद खंडेरावांनी आजवर पुढे जाऊ दिला नव्हता. पण दुसरा व्यापारी कुठे होता? ते हळूच म्हणाले, "असू द्या."

विसर्जनाच्या दिवशी लोकांनी पिशव्या मोठ्या आदराने घेतल्या. हार, दूर्वा, पत्री भरली. एखादे फूल वाटेत सांडून पायदळी येऊ नये म्हणून तोंडाला पक्की गाठ मारली. मग ती पिशवी कपाळाला लावून, गाठीसकट, होळकर पुलावरून प्रवाहात सोडली.

"अहो, पिंपात! पिंपात टाका!" खंडेराव कठड्यापाशी धावले.

"पिंपात खरकटं टाकतात, काका," एक बाई रागावून म्हणाली. "देवाची फुलं टाकतात होय? आणि पिशवी तुम्हीच दिलीत ना? मोकळी फुलं टाकून नदी घाण होऊ नये म्हणूनच ना?"

तिच्यामागे रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तशीच पिशवी होती.

सकाळी नवसाबाई टेम्पो घेऊन आल्या, तेव्हा सात पिंपांत मिळून दोन टोपल्या फुले निघाली. खालच्या बंधाऱ्याला मात्र गुलाबी फुगे गच्च दाटले होते, आणि त्यांच्या आत फुले कुजू लागली होती. नवसाबाईंनी त्या दोन टोपल्या टेम्पोत चढवल्या. खंडेराव तडक दीपकशेठांच्या दुकानात गेले.

"या, या सर!" दीपकशेठांनी पेढा पुढे केला. "पालिकेच्या साहेबांचा फोन आला होता. जागा पक्की झाली. आणखी चार दुकानदार पुढच्या वर्षी आपापल्या पिशव्या काढणार आहेत."

"पिशव्या बंद करा, शेठ. साऱ्या नदीत गेल्या."

"अहो, पण वाटल्या गेल्या ना? लोकांच्या तोंडी मोहिमेचं नाव झालं. एवढं कधी झालं होतं?"

"मग त्यातून माझं नाव काढा."

"काढू की," शेठ समजुतीने म्हणाले. "परवानगी तशीही व्यापारी मंडळाच्या नावावर येणार आहे. तुम्ही फार दमलात, सर. आता आराम करा. मोहिमेची काळजी करू नका, ती आम्ही बंद पडू देणार नाही."

पेढा खंडेरावांच्या तळहातावर तसाच राहिला. पाठिंबा, जागा, परवानगी, जे जे मागितले ते सारे मिळाले होते. आता ते थांबवायला कुणाकडे अर्ज करावा, हे त्यांना उमगेना.