ओल्या चादरीचं वजन

कोरडी

लॉन्ड्रीत सगळ्या तिला पिंप म्हणत, तेही तोंडावर. नाव तिथंच कामाला असलेल्या सख्ख्या नणंदेनंच पाडलेलं, आणि पिंपही हाकेला ओ देई. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी ही लॉन्ड्री. इस्त्रीच्या रोलरपुढे दिवसभर उभं राहायचं, पोटात स्वस्त पाव आणि गोड चहा ढकलायचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुकादम म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बरी हो. मला खुर्चीवरची बाई नको."

फुकटच्या दवाखान्यात वजन उतरवायचं इंजेक्शन मिळत होतं. डॉक्टर भला माणूस.

"आधी थोडी मेहनत दाखवा. फळं, पालेभाज्या. मोकळ्या हवेत फिरा."

"फिरते की. टबापासून रोलरपर्यंत."

"मोकळ्या हवेत," डॉक्टर म्हणाला.

तिनं मनावर घेतलं. पाव सोडला, साखर सोडली. चक्कर येऊन रोलरवर हात भाजला, तरी सोडलं ते सोडलंच. मग शाबासकी घ्यायला काट्यावर चढली.

नर्सला खरंच आनंद झाला. "अगं, लाल रेषेच्या खाली आलीस! आता इंजेक्शन नाही मिळणार."

"पण गुडघे तेच आहेत, ताई."

"इंजेक्शन रेषेवरच्यांना. नावं लिहून घेणं परवा बंद होतंय."

ओली

"जन्मात एकदा बारीक झालीस, तेही नको तेव्हा!" नणंदेनं कपाळाला हात लावला. "आता परवापर्यंत खाऊन काय होणार, वहिनी? भिजवू या तुला."

चादर कोरडी किती भरते आणि ओली किती, हे लॉन्ड्रीतल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पाठीलाच कळतं ते. नावं बंद व्हायच्या दिवशी टबातली एक जाड चादर नणंदेनं तिच्या पोटाभोवती आवळली, वर प्लास्टिक, वर ढगळ झगा.

"जरा पिळ तरी."

"पिळलं की वजन गेलं. गप उभी राहा. आता खरं पिंप झालीस, भरलेलं!"

दवाखान्यात काटा लाल रेषेच्या पार गेला. नर्सनं मान डोलावली. पिंपानं सुटकेचा श्वास सोडला.

श्वास सोडायला नको होता.

प्लास्टिक सरकलं. पाणी मांडीवरून, पोटरीवरून, टाचेखालून काट्यावर, काट्यावरून फरशीवर. रांगेतल्या बाया मागे सरकल्या. पदर नव्हता म्हणून नर्सनं नाकाला बाही लावली.

"पिंप गळतंय!" कुणीतरी म्हणालं. हसली पहिली नणंदच. पोट धरून.

डॉक्टर जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "बाई, लघवी झाली का?"

(पाणी म्हणावं तर लबाडी. लबाडी म्हणजे इंजेक्शन गेलं. इंजेक्शन गेलं म्हणजे रोलर गेला.)

"हो."

"असं नेहमी होतं?"

"होतं."

डॉक्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लाजू नका. आधी यावर उपचार करू. तोवर इंजेक्शन देता येत नाही, नियम आहे."

"नावं आज बंद होतात ना?"

"पुढच्या वेळी बघू."

पिळलेली

सकाळी ती पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मुकादम दारातच उभा.

"हॉस्पिटलच्या चादरी आहेत बाई या. इथं गळणारं माणूस चालत नाही."

"मुकादम, ते पाणी होतं हो. नुसतं पाणी."

"कुठून आलं पाणी?"

तिनं नणंदेकडे पाहिलं. चादर हॉस्पिटलची, आवळणारे हात नणंदेचे. नणंद चादरीची टोकं जुळवत होती.

"वन्सं, सांगा की."

"काय सांगू?" नणंदेनं मान वर केली नाही. "घरी गादी रोज उन्हात मीच घालते, मुकादम. वहिनीची अब्रू म्हणून बोलले नाही इतके दिवस."

बाया हसल्या. मुकादमानं दाराकडे बोट केलं.

रोलरमधून पुढची चादर आली. कालचीच होती ती, जाड. दुसरं टोक धरायला समोर कुणी नव्हतं, म्हणून नणंदेनं ते हनुवटीखाली दाबलं आणि एकटीनं घडी घातली.