पोतंभर काळी माती

संयोगिताबाईंच्या माहेरी झाडे लावावी लागत नसत. ती आपोआप येत, अशी त्यांची बालपणापासूनची समजूत होती. आष्ट्याची जमीन काळी, खोल आणि कसदार. वडील मिशीवर हात फिरवीत म्हणायचे, "आपल्या काळीत नुसती काठी खोवली तरी तिला फुटवा येतोय." हे वाक्य ऐकतच त्या वाढल्या. मात्र घरंदाज घरातल्या लेकीने रानात उतरायचे नाही असा त्या घरचा दंडक होता. त्यामुळे शेकडो टन ऊस पिकवणाऱ्या त्या घरात जन्मूनही त्यांच्या हातून मातीत कधी एक बी पडले नव्हते.

साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचे आयुष्य बरे चालले होते. यजमान इंद्रजितराव लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मुलगी अंकिता पुण्याला नोकरीस. घर फार शांत वाटते, असे आईने एकदा फोनवर सांगितले, म्हणून अंकिता येताना तीन कुंड्या घेऊन आली. एक मनीप्लांट, एक स्नेक प्लांट आणि पांढऱ्या फुलाची एक पीस लिली.

"आई, मातीत बोट खुपसून बघायचं. वरून कोरडी लागली तरच पाणी. रोज नाही हं," तिने बजावले.

परंतु झाडाला रोज पाणी न घालणे हे संयोगिताबाईंच्या संस्कारात बसेना. स्नान झाले की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे, ही त्यांची उभ्या जन्माची रीत. तुळशीला घालायचे आणि शेजारच्या झाडांना तहानलेले ठेवायचे, हा पंक्तिप्रपंच त्यांना अधर्म वाटला. त्या तिन्ही कुंड्यांना भक्तिभावाने तांब्या ओतू लागल्या. पंधरवडा उलटला नाही तोच लिलीने मान टाकली, मनीप्लांटची पाने पिवळी पडली.

इंद्रजितरावांना थट्टेला विषय मिळाला. "शेतकऱ्याची लेक म्हणून तुझ्या बापानं किती टेंभा मिरवला हुता! आणि कुंडीतलं झाड जगंना व्हय गं?"

"माती कुठं हाय त्यात?" त्या उसळून म्हणाल्या. "निसता काथ्याचा भुसा! आमच्या आष्ट्याची काळी असती, तर पानं छताला टेकली असती."

बोलता बोलता निघालेल्या त्या वाक्याने त्यांना स्वतःलाच धरून ठेवले. ती माती या घरात आली की माहेरच खिडकीशी येऊन बसेल, असे त्यांच्या मनाने घेतले. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, कृष्णातने, हक्कसोडपत्र पुढे केले होते. त्यांनी ते न वाचताच सही केली होती आणि भावाने नेसवलेली साडी डोळ्यांना लावली होती. माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून आमच्याकडच्या बहिणी हे करीतच आल्या आहेत. जमिनीचा लोभ त्यांना तेव्हा नव्हता आणि आताही नव्हता. पोतंभर माती मागायला मात्र आपल्याला कोण नाही म्हणणार, असा त्यांचा भरवसा होता.

एक रिकामे पोते घडी करून त्या सांगलीच्या एसटीत बसल्या आणि आष्ट्याला उतरल्या.

ऊस नुकताच तुटला होता. उघडे झालेले रान पाहून त्यांचा जीव निवाला. कृष्णात हसतमुखाने बांधावर आला. "माती? एवढंच व्हय आक्का! आवं, दोन पोती न्या की." त्याने स्वतः कुदळ घेतली, ढेकळे फोडली, पोते भरले. भावाच्या कपाळावरचा घाम पाहून संयोगिताबाईंना भरून आले.

तेवढ्यात पुतण्या यशराज, महाविद्यालयात जाणारा, बापाच्या कानाशी लागला. दोघे थोडे बाजूला गेले. परत आल्यावर कृष्णात पोत्याचे तोंड शिवीत, मान वर न करता म्हणाला, "आक्का, राग मानू नका. वरच्या आळीचा नानासो ठावं हाय न्हवं? त्याची भन दरसाल रानातनं भाजी-माळवं न्यायची. आता कोर्टात गेलीया. म्हणती, माझी वहिवाट हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. तुमी तसल्या न्हाई, मला म्हाईत हाय. पर उद्या तुमच्या हुणाऱ्या जावयानं, कुणी उकरून काढलं तर? दोन शब्द बोला, यशराज मोबाईलवर घेतोय."

यशराजने मोबाईल उभा धरला. "आत्ती, पोतं दिसू द्या. म्हणा, भावाच्या परवानगीनं माती नेली, या रानात माझा कसलाबी हक्क न्हाई."

संयोगिताबाईंनी भावाकडे पाहिले. तो सुतळीची गाठ दाताने आवळीत होता. याच रानाच्या कडेला त्यांनी त्याला कडेवर घेऊन बुजगावणे दाखवले होते. पोते तिथेच टाकून निघावे, असे एकदा मनात आले. पण तसे केले तर माहेर तुटणार, आणि बोलले तर निदान राहणार, असा हिशेब त्यांनी मनाशी घातला आणि शेजारच्या ट्रॅक्टरच्या धडधडाटात त्या सगळे बोलल्या. मग घरी भावजयीने रीतीप्रमाणे खणानारळाने ओटी भरली. "येत जावा आक्का," असेही ती म्हणाली.

साताऱ्यास आल्यावर त्यांनी कुंड्यांतला भुसा काढला, ती काळी माती दाबून दाबून भरली आणि झाडे लावली. घडलेला प्रकार यजमानांना सांगितला नाही. पहिले चार दिवस पाने तजेलदार दिसली. पुढे पाणी वरच साचून राहू लागले. खाली चिखल, आणि पाणी तोडले की वर दगडासारखी ढेप. रानात जिला वाफसा येतो, ओल आणि हवा नेमकी साधते, तिला त्या वीतभर भांड्यात वारा ना ऊन. एके सकाळी लिली उपटून पाहिली, तर मुळे काळी पडून बोटाला लिबलिबीत लागली. सडक्या मुळांचा वास त्यांच्या हाताला दुपारपर्यंत राहिला.

"अगं आई, काळी माती घरातल्या कुंडीत चालत नाही," अंकिता फोनवर म्हणाली. "मुळं गुदमरतात त्यात. मला विचारायचंस तरी!"

एकामागून एक तिन्ही झाडे गेली. त्याच आठवड्यात यशराजचा फोन आला. आतेबहिणीची नाही, आतोबांची नाही, कुणाचीही विचारपूस नाही.

"आत्ती, त्यो व्हिडिओ बिघडलाय. ट्रॅक्टरमुळं आवाजच न्हाई आला. वकील म्हणत्यात परत घ्या. घरी बसूनच करून धाडा की, दोन मिनिटाचं काम हाय."

"कृष्णात कुठं हाय?"

"हितंच हायत पप्पा. तुमाला काय बोलायचं हाय का?"

पलीकडे भाऊ खाकरल्याचा आवाज आला. पण तो फोनवर आला नाही. संयोगिताबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.

त्यांनी दार लावून घेतले, मोबाईल देव्हाऱ्याच्या कठड्याला टेकवून उभा केला आणि पदर सारखा करून, एकेक शब्द तोलून बोलल्या. "मी संयोगिता. भावाच्या रानातली पोतंभर माती मी नेली. त्या रानात माझा कसलाही हक्क नाही. ती माती माझ्या उपयोगाला आली नाही. यापुढे मी त्या घरी पाऊल ठेवणार नाही. मला माहेर होतं, ते आजपासून नाही."

व्हिडिओ पाठवल्यावर त्या मोबाईल हातात धरूनच बसल्या. भाऊ ऐकेल, काही बोलेल. रागावेल तरी, अशी एक वेडी आशा अजून उरली होती. व्हिडिओ पाहिल्याची खूण उमटली. मग पुतण्याचा संदेश आला.

"ओके आत्ती. आवाज एकदम क्लिअर हाय. पप्पांनीबी ऐकला."