पांढरीच राहिलेली पट्टी

"बाटल्यांत साबण राहतो, सर. दुसरं कारणच नाही."

सरांच्या हाताखाली संशोधन करणारी मिनसल बोलली हळूच, पण सुनदोकच्या कानावर पडेल अशा बेताने. सुनदोक टाकीपाशी उभी होती, कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे चढवून. एकोणीस वर्षं कोरियातल्या देजॉन शहराच्या या प्रयोगशाळेत ती काचेच्या बाटल्या धूत होती. सात वेळा नळाखाली, तीनदा शुद्ध पाण्याने. शाळा चौथीपर्यंत, पण तिच्या बाटलीत डाग दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

प्राध्यापक नामगुंगांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुनदोक मावशी, चार वाजता शेवटचा प्रयोग. आजही पेशी हिरव्या झाल्या नाहीत, तर सोमवारपासून प्लास्टिकच्या बाटल्या मागवतो. वापरा आणि फेका."

"आणि मला?"

सर प्लास्टिकच्या बाटल्यांची मागणी लिहू लागले. उत्तर मिळालं.

काम काय होतं, हे सुनदोकला सरांनीच फार पूर्वी सांगितलं होतं. पेशीला वाढीचा निरोप आला, की ती स्वतःच चिमूटभर पेरॉक्साइड करते. जखमेवर ओतलं की फसफसतं, तेच. ओंजळभर झालं तर पेशी जळते. पण चिमूटभर झालं तर ती हाक असते. आतल्या कामकऱ्यांना कळतं, उठा, वाढायचंय. ती हाक डोळ्यांना दिसावी म्हणून पेशींना एक रंग पाजतात. पेरॉक्साइड झालं, की तो हिरवा चमकतो. आणि मिनसलच्या पेशी तीन आठवडे मुक्याच होत्या.

याच मिनसलने पहिल्या वर्षी सुनदोकच्या डब्यातला मुळ्याचा आंबट-तिखट किमची चाटूनपुसून खाल्ला होता. तेव्हा 'मावशी, मावशी' करत मागे फिरायची. प्रयोग फसायला लागले आणि मावशीची 'अहो बाई' झाली.

"अहो बाई, माझं टाकाऊ पाणी ओतून द्या," मिनसल म्हणाली आणि बरणी आदळून गेली. घड्याळात तीनला दहा कमी होते.

बरणीवर लिहिलं होतं, 'पेरॉक्साइड घातलेलं'. रंग नीट चालतो ना हे बघायला काही पेशींना ते बाहेरून द्यायची रीत होती. असलं पाणी तपासल्याशिवाय सुनदोक कधी ओतत नसे. खिशातून तिने कागदी पट्टी काढली आणि बुडवली. पेरॉक्साइड असेल तर पट्टी निळी होते.

पट्टी पांढरीच राहिली.

सुनदोकने पट्टी उजेडाकडे धरली. कालही पांढरी होती. गेल्या आठवड्यातही. बाकी सगळ्यांच्या बरण्या निळ्या होत, हिचीच होत नव्हती. तिने ते पाहिलं होतं आणि तोंड मिटून ओतून दिलं होतं. बाईला कोण विचारतं?

घातलेलं पेरॉक्साइड जातं कुठे? साबण ते कशाला खाईल? खाणारं दुसरंच काहीतरी त्या पाण्यात होतं.

तिने फ्रिज उघडला. पेशींना वाढवायचं लाल पाणी दोन बाटल्यांत होतं. एक जुनी, तळाशी चार बोटं उरलेली. दुसरी मिनसलने मागवलेली, नवी. दोन पेले घेतले, दोन्ही तिनेच धुतलेले. दोन्हींत लाल पाणी, दोन्हींत पेरॉक्साइडचे मोजून सारखेच थेंब. दहा मिनिटं ती घड्याळासमोर उभी राहिली. मग दोन्हींत एकेक पट्टी बुडवली.

जुन्याची पट्टी निळीशार. नव्याची पांढरी.

नवी बाटली घेऊन, दार न वाजवता ती सरांच्या खोलीत शिरली आणि दोन्ही पट्ट्या त्यांच्या कागदांवर ठेवल्या. "निळी जुन्या पाण्याची, पांढरी या नव्याची. साबण असेल तर दोन्ही पेल्यांत असेल. पेले माझेच आहेत."

सरांनी नव्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. "मिनसल! हे पायरुवेट घातलेलं कुणी मागवलं?"

मिनसल दारात येऊन थबकली. "मी, सर. त्यात पेशी टवटवीत दिसतात... म्हटलं, जरा पौष्टिक."

"पौष्टिक! अगं, ते पेरॉक्साइड गिळून टाकतं. पेशी हाक मारतेय आणि तू तिच्या तोंडावर उशी दाबतेयस!"

तीन वाजून वीस मिनिटं. मिनसलने जुन्या पाण्याने पेशी धुतल्या, रंग पाजला. सुनदोकने स्वतः धुतलेली एक बाटली पुढे केली. "पाणी यातच घे. आता हिरवं नाही उमटलं, तर दोष माझा."

अंधाऱ्या खोलीत तिघं पडद्यापुढे उभी राहिली. मिनसलने वाढीच्या निरोपाचा थेंब सोडला. एक मिनिट. काळोख. तीन मिनिटं. सुनदोकला स्वतःचा श्वास मोठा वाटू लागला. बाटली पुढे करायची घाई नडली की काय?

"सर, काहीच—"

"गप्प बस."

पाचव्या मिनिटाला कोपऱ्यात एक पेशी फिकी हिरवी झाली. मग शेजारची. मग सगळा पडदा भाताच्या कोवळ्या रोपांसारखा उजळला.

सरांनी सुस्कारा सोडला. "प्लास्टिक राहू दे, मावशी."

"सोमवारी सगळ्यांसमोर सांगा. साबणाची कुजबुजही सगळ्यांच्या कानावर गेलीय."

सर होकारार्थी मान हलवून गेले. मिनसल तिथेच घुटमळत राहिली. "मावशी... पट्टी पांढरी राहतेय, हे कधीपासून ठाऊक होतं?"

सुनदोकला खोटं सांगता आलं असतं. "तीन आठवडे."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई कुठे बोलते? मावशी असते तर बोलले असते." हे तोऱ्यात निघालं खरं, पण तिची नजर मिनसलच्या चेहऱ्यावर गेली. तीन आठवड्यांत पोरीचे गाल बसले होते, तेही तिने पाहिलंच होतं.

तिने खुंटीवरचे दुसरे हातमोजे काढून मिनसलच्या अंगावर फेकले. "चल. सात वेळा नळाखाली, तीनदा शुद्ध पाण्याने. मोठ्याने मोज, मला ऐकू आलं पाहिजे."

मिनसल मोजू लागली. पाचावर ती अडखळली, तेव्हा सुनदोकने तिला पुन्हा एकपासून मोजायला लावलं.