लव रंगवणारा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, आणि माझी गोष्ट सांगताना माझी मान काही वर होत नाही.

चित्रकार बाईंनी मला घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "असं टोक दुसऱ्या ब्रशाला नाही!" मी फुशारलो. बाईंनी सात वर्षं मला जिवापाड जपलं.

मग एक उन्हाळा असा आला, की गावातल्या बागेतली वटवाघळं उष्म्याने झाडांवरून पटापट खाली पडली. बाई ते पाहून आल्या आणि दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "उन्हाळे असेच वाढत गेले तर मुक्या जिवांचं काय होतं, ते लोकांना दिसू दे," असं बहिणीला म्हणून त्यांनी भिंतीएवढा कॅनव्हास लावला. चार महिने आम्ही मेलेली वटवाघळं रंगवली. एकेकाची लव मी केसाकेसाने उठवली.

प्रदर्शनात लोक चित्रापुढे थबकायचे. मी शेजारच्या टेबलावर ऐटीत पडून असायचो. एक दिवस प्राण्यांचे डॉक्टर आले. बागेतल्या वटवाघळांना त्यांनीच थेंबथेंब पाणी पाजलं होतं.

"बाई, लव अगदी खरी उतरलीय हो!"

"सगळी या ब्रशाची करामत."

डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. केसांची टोकं काळी, मध्ये पिवळसर पट्टा. त्यांचा चेहरा उतरला.

"हे मुंगसाचे केस आहेत. मुंगसं मारून काढतात. असा ब्रश बाळगणंही गुन्हा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही." मग बाई हळूच म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही."

मी शरमेने अर्धा झालो. माझं सगळं कौतुक कुणाच्या तरी जिवावर चाललं होतं.

"अगं, कुणाला कळणार आहे? गप्प बस," बहीण कुजबुजली. पण बाईंनी चित्राखाली स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'हे चित्र मुंगसाच्या केसांनी रंगवलं आहे. चूक माझी.' लोकांनी तोंडावर नावं ठेवली. बाई मान खाली घालून रोज तिथेच उभ्या राहिल्या. प्रदर्शन संपल्यावर त्यांनी मला वनखात्याच्या कचेरीत जमा केलं. आता त्या बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्यानेच रंगवतात. लव पूर्वीसारखी उतरत नाही, पण त्या कुरकुरत नाहीत.

मित्रांनो, वस्तू हातात घ्याल तेव्हा ती कशाची, कुठून आली, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका. न विचारल्याची लाज फार जड असते हो, आणि मी तर काडीएवढा आहे.