लुपेला धक्क्यावर पोचायला उशीर झाला

मी एक जुनी लाकडी बस आहे. माझे नाव लुपे. सवाई बेटाच्या रानात एक मोठे कबूतर असते, त्याला लुपे म्हणतात. मी कधी उडाले नाही, आणि खरे सांगायचे तर फारशी धावलेही नाही. मी चालले. समुद्राच्या कडेकडेने, काळ्या खडकांच्या पसाऱ्यामधून, नारळांच्या सावल्या अंगावर घेत आयुष्यभर चालले. आता मला इंजिन उरलेले नाही. पण मित्रांनो, सांगण्यासारखे पुष्कळ उरले आहे.

माझा सांगाडा जहाजातून आला. तो एका परदेशी ट्रकचा होता, नुसताच लोखंडी आणि मुका. त्यावर फळ्यांचे अंग चढवले एतुआले सुताराने. त्याने मला लाकडी बाके दिली, पण खिडक्यांना काचा दिल्या नाहीत. माझा मालक फलानिको, जो मला चालवणारही होता, काळजीने म्हणाला की पाऊस आला म्हणजे काय करायचे? एतुआलेने रंध्यावरून मान वर न करताच उत्तर दिले, "ताडपत्री सोडायची. काचा लावल्या तर वारा कुठून येणार? आणि रस्त्यावरच्या माणसाशी बोलणार कसा?"

मग मला निळा रंग दिला आणि कपाळावर पांढरे कबूतर काढले. ते थोडेसे कोंबडीसारखे झाले. गावाने त्यावरून फलानिकोला बरीच वर्षे पिडले. पण पहिल्या दिवशी मी गावातून निघाले तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्या फळ्यांवर हात फिरवले, आणि पाद्रीबाबांनी माझ्यासाठी प्रार्थना म्हटली. माझा ऊर भरून आला होता.

पहाटे गावातून धक्क्याजवळच्या बाजारात जायचे आणि बोट लागली की परत यायचे, हा माझा नेम. थांबे असे नव्हतेच. हात दिसला की थांबायचे. नीरफणस, अळकुड्यांची ओझी, टोपलीतल्या कोंबड्या, विणलेल्या चटया, सगळे माझ्यात मावायचे. माणसेही मावायची. बाके भरली की बसलेल्यांनी उभ्या असलेल्यांना मांडीवर घ्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. एखादी आजी चढली की पुढचे बाक आपोआप रिकामे व्हायचे आणि मागे सगळे एकमेकांच्या मांड्यांवर सरकायचे. कुणी कुणाला काही सांगत नसे. समुद्राची लाट येऊन वाळू सारखी करून जाते, तसे ते होई.

या सगळ्यात दोनच बायका अशा होत्या, की ज्या एकमेकींजवळ कधी सरकल्या नाहीत. मातालेना आणि तिची थोरली बहीण लोइमाता.

त्यांची आई शेवटची काही वर्षे मातालेनाकडे होती. मातालेनाने तिचे सगळे केले. तिला भरवले, तिचे केस विंचरले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आपल्या दारासमोर आईला पुरायचे आणि रोज सकाळी तिथली पाने झाडायची, असे तिने मनाशी धरले होते. पण आई गेली तेव्हा लोइमाताने हट्ट धरला की आईची जागा वडिलांशेजारी. वडिलांची कबर लोइमाताच्या अंगणात, दुसऱ्या गावात. भाऊबंदांनी थोरलीचे ऐकले. शवपेटी माझ्यातूनच नेली. त्या दिवसापासून बहिणी बोलेनाशा झाल्या. माझ्या वाटेवर ते अंगण लागायचे, रस्त्याला अगदी लागून. पांढऱ्या चुन्याच्या दोन कबरी, त्यावर चाफा. मातालेना नेहमी समुद्राकडच्या बाकावर बसायची आणि ते अंगण आले की लाटा बघत राहायची.

अशात एके दिवशी बोटीतून ब्रोन्विन नावाची बाई उतरली. ती दूरच्या टास्मानियातली, पन्नाशीची, उंच आणि काटकुळी. पाठीवर तिच्याएवढेच ओझे. हे नाव आमच्या जिभेला जमेना, म्हणून ती सगळ्यांची विनी झाली. इतर पाहुणे भाड्याची मोटार घेऊन दिवसभरात बेटाला वळसा घालतात. विनी मात्र माझ्यात येऊन बसली आणि घड्याळ बघू लागली.

थोड्या वेळाने तिने विचारले, "बस कधी सुटणार?"

"माणसं आली की," फलानिको म्हणाला.

"माणसं कधी येणार?"

"बाजार झाला की."

तिने पुन्हा घड्याळ पाहिले. तेव्हा मागून मातालेना म्हणाली, "अगं बाई, बेट कुठे पळून जात नाहीये. हे घे, केळं खा."

विनीने केळे खाल्ले. मग दुसरे खाल्ले. बाजार उठला, ऊन कलले, मी निघाले. तोवर तिचे डोळे मिटत आले होते आणि मान मातालेनाच्या खांद्यावर होती.

समुद्रकाठी मातालेनाच्या चार खांबांवरच्या उघड्या झोपड्या होत्या, पाहुण्यांसाठी. विनी तिथे दोन दिवसांसाठी राहिली, आणि राहतच गेली. कधी ती माझ्यात बसून अर्ध्या वाटेत उतरायची आणि उरलेली वाट पायी चालायची. कधी नुसतीच बाजारापर्यंत येऊन परत जायची. "ही बस विकत घ्यायला आलीये की काय?" असे लोक फलानिकोला चिडवत. तो म्हणे, "विकत कशाला, ती फुकटच घेऊन बसलीये." चालता चालता एकदा पाऊस आला म्हणून ती ज्या घरात शिरली, ते घर लोइमाताचे निघाले. तिथेही तिला केळे मिळाले, आणि रात्रीचा मुक्कामही. दोघी बहिणी आहेत हे तिला कुणी सांगितले नाही. पण पुढे ती मातालेनाला म्हणाली की तिकडच्या गावात एक बाई अगदी तुझ्यासारखीच चटई गुंडाळते, आधी गुडघ्याने दाबून. मातालेनाने मान समुद्राकडे वळवली. ती लाटा बघत राहिली.

ते दिवस आठवले की मला अजून गुंगी येते, मित्रांनो. उन्हात तापलेल्या फळ्यांचा वास, मधेच कुणीतरी सुरू केलेले गाणे, आणि मागच्या बाकापर्यंत पोचेतो त्याला चार आवाजांनी आलेली भरती. विनीच्या मनगटावरचे घड्याळ कधी नाहीसे झाले, ते माझ्याही लक्षात आले नाही.

मग लेकरांचा रविवार जवळ आला. त्या दिवशी आमच्याकडे मुले पांढरे कपडे घालून देवळात म्हणतात-गातात, आणि जेवायला आधी मुले बसतात, मोठी माणसे वाढतात. त्या आठवड्यात पांढरे कापड घ्यायला सगळे बेट बाजारात लोटले होते. परतताना मी इतकी भरले की माझी मागची चाके कण्हू लागली. शेवटी लोइमाता चढली. ती चांगली धिप्पाड बाई. सगळ्या मांड्या भरलेल्या. फक्त विनीची मांडी मोकळी होती, कारण पाहुणीच्या मांडीवर कोण बसणार? विनीने मात्र आपली मांडी थोपटली.

माझ्यातली सगळी माणसे खदखदून हसली. लोइमाताही हसली आणि बसली. विनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शेजारी मातालेना होती, समोर बघत.  मग ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "विनी, तिला सांग, माझ्या मांडीवर बस म्हणावं. तुझी हाडं मोडतील."

विनीने ते तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितले, जणू लोइमाता मातालेनापासून हातभर अंतरावर नव्हतीच. हसणे थांबले. लोइमाता उठली आणि धाकटीच्या मांडीवर बसली. पुढचा सगळा रस्ता त्या तशाच होत्या. एकीचा हात खिडकीच्या कडेला, दुसरीचा कापडाच्या गठ्ठ्यावर. लोइमाताचे अंगण आले, ती उतरली. जाताना म्हणाली, "विनी, जायच्या आधी इथे थांब. तुझ्यासाठी पंखा विणलाय." मातालेनाशी एक शब्दही नाही.

विनीचा निघायचा दिवस लेकरांच्या रविवारच्या आदला शनिवार होता. त्या संध्याकाळच्या बोटीने पलीकडच्या बेटावर जायचे, तिथून विमान. बोट चुकू नये म्हणून मातालेना लवकरच तिला पोचवायला निघाली. दुपारची माझी ती खास फेरी. लोइमाता अंगणात उभी होती, हातात पंखा. विनी उतरली. दोघींनी गालाला गाल लावले.

विनी परत चढणार, तेवढ्यात लोइमाता माझ्या खिडकीशी आली. ती मातालेनाला म्हणाली, "किती वर्षं समुद्र बघणार आहेस?"

मातालेनाची नजर लाटांवरच.

"मी चुकले असं मी म्हणणार नाही," लोइमाता म्हणाली. "आई बाबांजवळच हवी होती. पण त्या दिवशी तुला विचारलं नाही. तुझ्या हातून तिला ओढून आणलं. ते मला रोज दिसतं, चुना लावताना."

फलानिकोने माझे इंजिन बंद केले.  मागून एक भाड्याची मोटार आली आणि हॉर्न वाजवू लागली. आतल्या पाहुण्याने डोके काढून विचारले की इथे बघण्यासारखे काय आहे? पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, "काही नाही बाबा. तू पुढे जा." मोटार वळसा घालून भुर्रकन गेली.

फलानिकोने हलक्या आवाजात विनीला सांगितले, "बोट चुकेल. उद्या रविवार, उद्या मी धावत नाही. तू सांग, निघू का?"

विनीने खिडकीतल्या मातालेनाकडे पाहिले. मग ती माझ्या पायरीवर बसली. "थांबू या," ती म्हणाली.

मातालेना फार वेळ हलली नाही. मग उठली. तिला वाट द्यायला सगळी बस मांड्यांवरून सरकली. खाली उतरून ती म्हणाली, "माझ्या हातात फुलं नाहीत, ताई."

"माझी घे. चाफा आईचाच आहे."

दोघी कबरीपाशी गेल्या. मातालेनाने फुले ठेवली नाहीत. ती वाकून आधी पाने वेचू लागली. एक एक पान, हाताने. लोइमाता झाडू आणायला निघाली होती, तिला तिने खुणेने थांबवले. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणालाही कुठे जायचे नव्हते. मी धक्क्यावर पोचले तेव्हा बोट पाण्यावर लहान लहान होत चालली होती.

विनीचे विमान गेले. तिला दुसरे तिकीट काढावे लागले, आणि ती त्यावरून थोडी रडलीही, हे मी लपवणार नाही. पण लेकरांचा रविवार तिने दोन्ही बहिणींच्या मुलानातवंडांना वाढण्यात घालवला. पुढच्या आठवड्यात ती गेली. पंखा तिच्या पाठीवरच्या ओझ्यातून बाहेर डोकावत होता.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे चालले. मग खारा वारा माझ्या खिळ्यांत शिरला. काचांच्या, गार हवेच्या गाड्या आल्या. त्यांत कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही. एका चढावर माझे इंजिन थांबले, ते थांबलेच. फलानिकोच्या घरामागे मी उभी राहिले. माझ्या बाकांखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या, माझ्या कबुतराचा रंग उडाला. पावसात ताडपत्री सोडायला कुणी येईना. कोणे एके काळी माझ्यावर फिरलेले हात मला आठवत राहायचे.

शेवटी फलानिकोच्या भाच्यांनी ठरवले की मला फोडून माझ्या फळ्या स्वयंपाकाच्या चुलाणात घालायच्या. कुऱ्हाडीही आणल्या. फलानिको ओट्यावर बसून जमिनीकडे बघत होता, त्याला नाही म्हणवेना. तेव्हा मातालेना आणि लोइमाता आल्या, दोघी काठी टेकत. मातालेना म्हणाली, "जाळायला नारळाच्या करवंट्या संपल्या का रे बेटावरच्या? हिला रस्त्यावर न्या. गाडीची वाट बघत आम्ही म्हाताऱ्या उन्हात उभ्या असतो, ते दिसत नाही तुम्हांला?"

भाचे खजील झाले. त्यांनी नारळाचे ओंडके माझ्याखाली घातले आणि मला हळूहळू, फार हळूहळू, रस्त्याच्या कडेला लोटत नेले.

आता मी तिथेच असते. गाडीची वाट बघणारी माणसे माझ्यात येऊन बसतात, कधी इतकी रमतात की गाडी निघून जाते. मला काही मोठे नको. छताची एक फळी सैल झाली आहे, ती कुणीतरी ठोकावी. खाऱ्या वाऱ्यापासून खिळ्यांना थोडे तेल द्यावे. आणि मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी आयुष्यभर चालून एका जागी थांबलेले असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा. लगेच उठू नका.