नॉटिलसची लादी

तुळसा परबला दगड बरोबर ओळखता येत. घरातली माणसं ओळखायला मात्र ती कच्ची होती.

अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची. मालवणात धाकट्या भावाच्या, जितेंद्रच्या घरी राहायची. म्हणजे पहाटेपासून रांधायची, धुवायची आणि वर "आमीच सांभाळतो" हे ऐकून घ्यायची. कुडाळ रस्त्यावरच्या लादीच्या वखारीत जैसलमेरच्या पिवळ्या चुनखडीचे तुकडे फुकट मिळत. त्यांत म्हाकुलांची, म्हणजे स्क्विडची, कोट्यवधी वर्षांपूर्वीची भावकी दगड होऊन बसलेली. हौशी संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारून विचारून ती शिकली. शंखाच्या आतल्या भिंतींची रेघ झालरीसारखी नागमोडी असली तर अमोनाइट, साधी बाकदार असली तर दुर्मीळ नॉटिलस. तिच्याकडे होते ते झाडून सगळे अमोनाइट.

मग जितेंद्रने घराला तीच पिवळी लादी आणली. एका लादीवर तुळसाने पाणी शिंपडलं आणि तिथेच फतकल मारून बसली. ताटलीएवढा शंख, आणि रेघा अगदी साध्या! हात धरून तिने भावाला तो दाखवला, फोटो काढून गटावर टाकला. गट चालवणाऱ्या पुण्याच्या प्राध्यापिका नम्रता केळुसकरांचं उत्तर आलं : "फोटोत रेघा नीट दिसत नाहीत. रविवारी वेंगुर्ल्याला येतेय, तेव्हा तुमच्याकडे येऊन बघते. नॉटिलस निघाला तर आमच्या प्रदर्शनात चार दिवस तुम्हीच यायचं. लोकांना समजावून सांगायचं."

तुळसाला आयुष्यात कुणी कुठे बोलावलं नव्हतं. तिने ट्रंकेतली साडी उन्हात घातली.

भावजयीच्या, सारिकाच्या पोटात तिथेच दुखलं. चार दिवस रांधणार कोण? आणि आज चार दिवस गेली, उद्या हिला पाय फुटले तर? तुळसा मसुऱ्याला मावशीच्या बाराव्याला गेली, त्या दिवशी सारिकाने गवंड्याला सांगितलं, "सिद्धेश, ही लादी वन्सांच्या खोलयेत घाल. पालथी." मग सगळ्या जमिनीवरून पॉलिशचं मशीन फिरलं, आणि कुठली लादी उलटी, कुठली सुलटी, हे खुद्द गवंड्यालाही सांगता आलं नसतं.

परतल्यावर तुळसा ओलं फडकं घेऊन घरभर गुडघ्यांवर फिरली. "खंय घातल्यान ता माका काय ठावक?" सारिका म्हणाली.

रविवारी केळुसकरबाई आल्या. तुळसा चाचरत सांगू लागली, तोच सारिका हसत मध्ये पडली. "लादी-बिदी काय नाय हो, बाई. फोटो तिना मोबाइलवरसून उचलल्यान. एकट्या माणसाक कोणीतरी इचारूक व्हया, दुसरा काय!"

तुळसाने भावाकडे पाहिलं. "जितू, तुका मी हात धरून दाखयलंय मा? सांग रे बाईंका."

जितेंद्रने बायकोकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "आमच्याकडे तसली लादी येवकच नाय, ताये."

"जमीन फोडा!" तुळसा किंचाळली. "खाली आसतली ती! फोडा!"

कालच पॉलिश झालेली जमीन कोण फोडणार? केळुसकरबाईंना तिची कीव आली, आणि कीव आली की माणूस पुरावा मागत नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हौस चांगली आहे, बाई. पण दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकू नये. तुमचं नाव मला गटातून काढावं लागेल." गाडी वळायच्या आत त्यांनी ते काढलंसुद्धा.

दुपारी जितेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट परवडला असता.

"ताये, मनार घेव नको," तो म्हणाला. "लादी खंय जावक नाय. तुझ्याच खाटयेखाली आसा, पालथी. घरातच ऱ्हवली ना? चल, बांगडे कापूक घे. भूक लागली."

तुळसाने विळी पुढे ओढली. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन भरवलं, त्या भावाची तिला शिसारी आली. तरी तिने सगळे बांगडे साफ केले, कारण जायला तिला दुसरं घर नव्हतं.